80 पाहुणे, 30 पिणारे

काका,

बाबा 31 मेला निवृत्त होतायत. (आजोबांनी शाळेत घालताना 1 जून ही जन्मतारीख लावून टाकली, तेव्हा आमच्या घरात खरा वाढदिवस कुणालाच माहीत नाही.) सगळी नोकरी सातपूरच्या एकाच कारखान्यात झाली, म्हणून जूनच्या पहिल्या शनिवारी पार्टी ठेवतोय. जागा बाबांच्या मित्राचा मखमलाबादचा मळा, वेळ संध्याकाळी 7 ते 11. माणसं 80: कंपनीतली 25, नातेवाईक 30, आमच्या सोसायटीतली 11 आणि पोरंटोरं 14. जेवण केटररकडे दिलंय, पिण्याचं सगळं आपण बघायचं आहे.

मामा म्हणतो, 6 पेट्या बिअर आणि 12 खंबे डोळे झाकून घे, कमी पडलं तर इज्जत जाते. आई म्हणते, पन्हं नि मठ्ठा ठेवा, बाकीची थेरं कशाला. बाबा दोन्हीकडे मान हलवतात. वर मामाचं म्हणणं, हा पुरुषांचा हिशोब आहे, तू यात पडू नकोस. पण पैसे माझे जाणार आहेत. मी 27 वर्षांची आहे, कधीमधी वाईनचा एक ग्लास घेते, यापलीकडे मला यातलं काही कळत नाही. नक्की किती आणू?

इंदिरानगर, नाशिक

---

आधी मामाची यादी कागदावर मांडू. बिअरच्या मोठ्या बाटल्यांच्या पेटीत 12 बाटल्या असतात, तेव्हा 6 पेट्या म्हणजे 72 बाटल्या. 650 मिलीच्या एका बाटलीत दोन ग्लास, म्हणजे 144 ग्लास. खंबा म्हणजे व्हिस्की-रमची 750 मिलीची बाटली, 12 खंबे म्हणजे 9 लिटर, म्हणजे 60 मिलीचे 150 लार्ज पेग. एकूण 294. तुझ्या 80 पाहुण्यांत पिणारे 30 धरले (ते 30 कसे, ते पुढे सांगतो), तर माणशी दहाच्या जवळ. दहाव्या ग्लासानंतर इज्जतीचं काय होतं, ते मामालाच विचार.

मामाची भीती मात्र खोटी नाही. आपल्याकडे भाजी कमी पडली तर लोक सांभाळून घेतात, बाटली कमी पडली तर पुढच्या तीन लग्नांत तो विषय निघतो. चूक एवढीच की मामा पेटीपासून मोजायला लागला. तू माणसापासून लाग.

त्यासाठी पाहुण्यांची यादी घेऊन आईशेजारी बस. हो, आईशेजारीच. तिला खंबा म्हणजे किती हे माहीत नसेल, पण कोण घेतं नि कोण घेत नाही याचं जे खातं तिच्याकडे आहे ते मामाकडे नाही. कुणाच्या गळ्यात माळ आहे, कुणाची अँजिओप्लास्टी झाल्यापासून सुटली, कोण थोरल्या भावासमोर सरबताचा ग्लास धरून बसतो नि अर्ध्या तासाने गाड्यांच्या मागे दिसतो, हे सगळं ती न विचारता सांगेल. प्रत्येक नावापुढे एक खूण कर: घेतो, घेत नाही, सांगता येत नाही. 'सांगता येत नाही' वाल्यांतले निम्मे धर.

मग वार बघ. शनिवार आहे. शनिवार मारुतीचा नि शनीचा म्हणून न घेणारे लोक आपल्याकडे प्रत्येक कुटुंबात दोन-तीन तरी सापडतात. शिवाय कालनिर्णय काढून त्या दिवशी संकष्टी किंवा एकादशी येते का, तेही बघून ठेव. आली तर नातेवाईकांच्या रकान्यातला आकडा आणखी खाली येईल आणि केटररला साबुदाण्याच्या खिचडीचं आधी सांगावं लागेल.

कंपनीच्या 25 जणांचं बाबांना विचार, आणि प्रश्न नीट विचार. 'कोण कोण पितं' असं विचारलंस तर ते पुन्हा मान हलवतील. 'त्या शनिवारी कुणाची कुठली शिफ्ट आहे' असं विचार. तिसऱ्या शिफ्टचा, म्हणजे रात्रपाळीचा माणूस येईल, काहीतरी खाईल, बाबांना शाल घालेल नि साडेनऊला निघेल. तो घेणार नाही. दुसऱ्या शिफ्टचा बहुतेक येणारच नाही. पहिल्या शिफ्टचे लोक मात्र दुपारी सुटून, अंघोळ करून, मोकळ्या मनाने येतात. बाटल्या खऱ्या त्यांच्यासाठी.

आणि बायकांच्या नावापुढे सरसकट 'नाही' लिहू नकोस. हे नाशिक आहे. गंगापूर धरणाच्या बाजूला नि दिंडोरीकडे द्राक्षाची वाईन होऊ लागून आता दोन दशकांहून जास्त काळ झाला. एरवी दारूच्या वासाने पदर नाकाला लावणाऱ्या मावश्या 'ही आपल्या इथलीच ना, द्राक्षाचीच ना' म्हणत अर्धा ग्लास घेतात. वाईनमध्येही 12-13 टक्के अल्कोहोल असतं ही गोष्ट वेगळी. हिशोबात ते अर्धे ग्लास धरायला हवेत.

तुझ्या आकड्यांवरून माझा अंदाज असा: कंपनीतले 16, नातेवाईकांतले 8, सोसायटीतले 6. एकूण 30. आईबरोबर बसल्यावर हा आकडा 25 होईल किंवा 36 होईल, पण पुढची रीत तीच राहील.

आता तास. पत्रिकेवर 7 लिहिलंस तरी लोक पावणेआठला येणार आणि साडेनऊला ताटं लागली की ग्लास खाली ठेवणार. म्हणजे प्यायचा खरा वेळ पावणेदोन-दोन तास, ढील ठेवून अडीच धर. पार्टीचा सगळीकडे चालणारा आडाखा असा, की पहिल्या तासाला माणशी दोन ग्लास आणि पुढे तासाला एक. अडीच तासांचे साडेतीन. 30 गुणिले साडेतीन, 105 ग्लास. कुणी एकच घेईल, कुणी पाच घेईल, सरासरी इथेच येते. जेवण अकराला लावलंस तर मात्र हाच आकडा 150 च्या घरात जातो. तेव्हा केटररला साडेनऊ सांग नि नऊपासून त्याच्या मागे लाग. बाटल्यांचा खर्च कमी करायचा यापेक्षा सोपा मार्ग मला तरी माहीत नाही.

हे 105 ग्लास वाटायचे कसे? डिसेंबर असता तर व्हिस्की नि रम जास्त गेली असती. जूनच्या पहिल्या आठवड्यात नाशिक अजून तापलेलं असतं, वरून वळवाच्या पावसाची घुसमट. बिअरकडे हात जास्त जातात. 30 पैकी 12 बिअरवाले, 12 व्हिस्की-रमवाले, 6 वाईनवाले धर.

बिअर: 12 जणांचे 42 ग्लास, 21 बाटल्या. पेटी फोडून घेण्यात अर्थ नाही, 2 पेट्या घे, 24 बाटल्या होतील. दोन्ही माइल्ड घे. मामा म्हणेल, 'माइल्ड कोण पितं, सरळ स्ट्राँग आण.' त्याला गणित दाखव. स्ट्राँग बिअरमध्ये 8 टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असतं. तिचा अर्ध्या बाटलीचा ग्लास, म्हणजे 325 मिली, यात 26 मिली शुद्ध अल्कोहोल. आपल्याकडच्या व्हिस्कीच्या बाटलीवर 42.8 टक्के छापलेलं असतं, म्हणजे 60 मिलीच्या लार्जमध्येही साधारण तेवढंच. स्ट्राँगचा ग्लास आणि लार्ज पेग एकच. फरक एवढाच की उन्हाने घसा कोरडा पडलेला माणूस पेग घोट-घोट घेतो आणि बिअर घटाघटा. नऊ वाजता कोण लवंडणार हे या एका निर्णयावर ठरतं.

व्हिस्की-रम: 42 पेग. सगळे लार्ज धरले तरी अडीच लिटर, म्हणजे साडेतीन खंबे. 4 घे, 3 व्हिस्कीचे नि 1 रमचा. मामाच्या 12 चे 4 झाले.

वाईन: 750 मिलीच्या बाटलीत 150 मिलीचे 5 ग्लास. 6 जणांचे 21 ग्लास म्हणजे 5 बाटल्या, आणि मावश्यांच्या अर्ध्या ग्लासांसाठी 1 जास्त. या 6 पैकी 4 व्हाइट घे, शेनिन ब्लाँ किंवा सोव्हिन्याँ ब्लाँ. त्या उकाड्यात थंडगार व्हाइट उतरते आणि आपल्या तिखट स्टार्टरना ती झेपते. 2 रेड. रेड वाईन 'रूम टेंपरेचर'ला द्यायची हे कुणीतरी छातीठोक सांगेल. ती रूम नाशिकची जूनमधली नव्हे. रेडसुद्धा देण्याआधी अर्धा तास गार करून घे. बाटलीला स्क्रूचं झाकण आहे की बूच ते दुकानातच बघ, नाहीतर मळ्यावर सुरीने बूच खरवडणारा एक गट तयार होतो. फसफसणारी वाईन हवीच असेल तर केक कापताना फोटोला एक बाटली पुरे. तिच्यातली निम्मी बाबांच्या नव्या शर्टावर जाणार.

हे सगळे आकडे एका छोट्या वस्तूवर टिकून आहेत, ती म्हणजे पेगचं मेजर. एका टोकाला 30 मिली, दुसऱ्या टोकाला 60, दोन शंकू पाठीला पाठ लावून जोडल्यासारखं स्टीलचं. ते टेबलावर नसेल तर काय होतं बघ. पहिला पेग ओतणारा माणूस पाहुणा म्हणून हात जरा सैल सोडतो, 80 मिली. दुसरा ओततो तेव्हा उजेड कमी झालेला असतो, 90. तिसरा 'अरे एवढाच?' या प्रश्नाचं उत्तर म्हणून ओतलेला असतो, त्याला माप नाही. चार खंब्यांचे साडेपाच इथे होतात आणि सकाळी सगळे म्हणतात, अंदाज चुकला. अंदाज बरोबर होता, ओतणं चुकलं. म्हणून ओतणारा माणूस एकच, मेजर त्याच्या हातात, बाटल्या टेबलाच्या मागे. पाहुण्यांनी आपापलं ओतून घ्यायचं हे चार मित्रांच्या गच्चीवर ठीक, 80 जणांत नाही.

आता ज्याच्यासाठी खरं तर हे सगळं लिहितोय ते. पार्टीत दारू क्वचित संपते. संपतो बर्फ. त्याच्या मागोमाग पाणी, मग सोडा. पावणेनऊच्या सुमाराला टेबलावरचं बर्फाचं भांडं बघायचं असतं: तळाशी कोमट पाणी, त्यात दोन बोटांएवढे तुकडे आणि एक लिंबाची फोड. मग कुणाला तरी बाईकवर पिटाळतात. तो मखमलाबादहून पंचवटीपर्यंत जातो, मिळेल तिथून दोन पिशव्या आणतो, तोवर ताटं लागलेली असतात.

बर्फ दोन प्रकारचा लागतो नि तो वेगवेगळा मोजायचा. ग्लासात घालायचा वेगळा, बाटल्या गार करायचा वेगळा. ग्लासातल्यासाठी पिशवीत मिळणारे, खाण्याच्या बर्फाचे क्यूब घे. पेगला 100 ग्रॅम धरले तर 42 पेगना 4 किलो, पन्हं नि थंड्याला आणखी 4-5 किलो, उरलेला वितळण्यासाठी. 15 किलो सांग. जास्त वाटेल, पण जूनमध्ये बर्फ तुझ्यासाठी थांबत नाही.

बाटल्या गार करायला बर्फाच्या कारखान्यातल्या लादीचा तुकडा. खाण्यायोग्य नसलेल्या बर्फात निळा रंग घालायचा नियम आपल्या राज्यात 2018 पासून आहे, त्यामुळे निळसर बर्फ दिसला तर दचकू नकोस. फक्त तो टबातच राहू दे. पोरं टबातला खडा उचलून ग्लासात टाकतात, तिकडे एकाला लक्ष ठेवायला सांग. किती लागेल याचा सोपा नियम: जेवढे लिटर गार करायचे तेवढे किलो बर्फ. बिअरच्या 24 बाटल्या साडेपंधरा लिटर, व्हाइट वाईन 3, थंड्याच्या मोठ्या बाटल्या 16. म्हणजे 35 लिटर. 40 किलोचा तुकडा सांग, गोणपाटात गुंडाळून, संध्याकाळी 6 ला मळ्यावर. दुपारी आणून ठेवलास तर सहापर्यंत गोणपाटच उरेल.

टब कसा भरायचा ते नीट वाच, कारण इथे सगळे घाई करतात. नुसत्या बर्फावर बाटल्या आडव्या ठेवल्या तर बाटलीला बर्फ चार ठिकाणी टेकतो, बाकी सगळीकडे हवा. बाटली गार होता होत नाही. टबात आधी बाटल्या उभ्या रच, मध्ये फोडलेला बर्फ भर, मग गळ्यापर्यंत पाणी ओत आणि दोन-तीन मुठी जाड मीठ टाकून हलव. पाणी बाटलीला सगळीकडून धरतं नि मिठाने ते शून्याच्याही खाली जातं. फ्रिजमध्ये दोन-तीन तास घेणारी बिअर यात वीस-पंचवीस मिनिटांत गार होते. म्हणजे सगळ्या 24 एकदम बुडवायची गरज नाही, 12 बुडव, त्यातल्या 6 संपल्या की पुढच्या 6. घाईला म्हणून कुणी बिअर फ्रीजरमध्ये कोंबत असेल तर थांबव, विसरली की ती फुटते. आणि मळ्यावरच्या फ्रिजच्या भरवशावर तर अजिबात राहू नकोस. वळवाचा पाऊस चार थेंब पडला की लाईट जाते, हे मखमलाबादकरांना मी सांगायला नको.

पाणी: माणशी 1 लिटर, 80 लिटर. मिक्सिंगला 3-4, पन्ह्याला 10. 20 लिटरचे 6 जार मागव. मात्र केटरर स्वतःचे जार आणतो का ते आधी विचार, नाहीतर बारा जार येतील. चखण्याला चिवडा नि खारे शेंगदाणे भरपूर ठेवणार असशील (नाशिकला चिवडा नसेल तर पार्टी झाली असं धरत नाहीत) तर आणखी एक जार. खारटाने पाणीही जास्त जातं आणि बिअरही. माझं ऐकशील तर आठ वाजताच पोटात काहीतरी दमदार जाऊ दे, पनीर, कबाब, भजी, काहीही. रिकाम्या पोटी पहिला पेग पटकन चढतो नि दुसरा, तिसरा त्याच झोकात मागितला जातो.

सोडा पाऊण लिटरच्या 10 बाटल्या. हिशोबाने व्हिस्कीला 4-5 लागतील, लिंबू-सोड्याला 4. उघडलेला सोडा दहा मिनिटांत मरतो, म्हणून वरची एक. लिंबं 30. थंडा 2 लिटरच्या 8 बाटल्या, त्यातल्या दोन-तीन रमवाले संपवतील.

आईचं म्हणणं आता. तुझ्या पार्टीत 50 जण न पिणारे आहेत, म्हणजे बहुमत आईच्या बाजूला आहे. आपल्याकडच्या पार्ट्यांत या लोकांच्या हातात आल्या-आल्या एक कोमट थंडा देतात नि रात्रभर त्यांच्याकडे कुणी बघत नाही. गेटपाशीच पन्ह्याचा ग्लास मिळाला पाहिजे, सगळ्या 80 जणांना, पिणाऱ्यांनाही. उन्हातून आलेल्या माणसाची तहान पन्ह्याने भागली तर पहिली बिअर तो पाणी समजून पीत नाही. 150 मिलीचे 80 ग्लास म्हणजे 12 लिटर. साखर-वेलची घालून तयार केलेला गर अडीच लिटर असला तर चौपट पाण्यात पुरतो. जूनमध्ये कैऱ्या पाडाला लागलेल्या असतात, तेव्हा आईला मेमध्येच गर करून फ्रीजरमध्ये टाकायला सांग. पुढे त्यांच्यासाठी लिंबू-सोडा नि थंडा, आणि जेवताना मठ्ठा 12 लिटर, तो केटररच देईल. हे टेबल दारूच्या टेबलापासून लांब मांड. काही आज्या त्या बाजूला पाऊल टाकत नाहीत नि तहानलेल्या बसून राहतात.

ग्लास मंडपवाल्याकडून भाड्याने घे. पिणाऱ्या माणसाला एक ग्लास पुरत नाही, तो कुठेतरी ठेवून विसरतो नि नवा मागतो. 30 जणांना 60 ते 70 लागतील.

कायद्याचं थोडक्यात. महाराष्ट्रात दारू विकत घ्यायला, बाळगायला नि प्यायला परवाना लागतो. एक दिवसाचाही मिळतो, वर्षाचाही, कायमचाही. एका परवान्यावर किती साठा बाळगता येतो याला मर्यादा आहे, म्हणून सगळं एकट्या मामाच्या नावावर आणू नका. दुकानदाराला विचारून दोघा-तिघांच्या परवान्यांवर वाटून घ्या नि बिलं गाडीत ठेवा. वयाची अट वाईन आणि माइल्ड बिअरला 21, व्हिस्की-रमला 25. कॉलेजातल्या चुलतभावांना ओतणाऱ्याने हे तोंडावर सांगायचं. मित्राचा मळा खासगी आहे, तरी तिथे पार्टीसाठी वेगळा परवाना लागतो का, हे आधी विचारून ठेव. ऐनवेळी जागा बदलून एखाद्या लॉन्सवर गेलात, तर त्या दिवसापुरता परवाना राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून काढावा लागेल.

गाड्यांचा प्रश्न मला कायद्याहून मोठा वाटतो. मखमलाबादहून सातपूर, इंदिरानगर, रात्री अकरा वाजता, आणि निम्मे लोक दुचाकीवर. गाडी चालवताना रक्तात 100 मिलीला 30 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की गुन्हा. एका लार्जनंतरच बऱ्याच जणांचा आकडा त्याच्या आसपास नाहीतर पुढे जातो. पहिल्याच वेळी 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. मामाच्या यादीतून तू 8 खंबे नि 4 पेट्या वाचवल्यास. त्या पैशात दोन टेंपो ट्रॅव्हलर सांग, एक सातपूरच्या बाजूला, एक इंदिरानगरला, नि निमंत्रणातच लिहून टाक की यायची-जायची सोय केली आहे. लोक दुचाकी घरी ठेवून येतील.

राहिला मामाचा प्रश्न, कमी पडलं तर? माझ्या हिशोबात थोडी ढील आहेच, तरी त्याच्या समाधानाला व्हिस्कीचा 1 खंबा नि वाईनची 1 बाटली जास्तीची घे आणि टेबलावर न ठेवता तुझ्या गाडीच्या डिकीत ठेव. किल्ली तुझ्याकडे. टेबलावर जे दिसतं ते संपतं, डिकीतलं सहसा परत येतं. व्हिस्कीचं सीलबंद बाटलीत काही बिघडत नाही, वाईनही अंधाऱ्या गार जागी राहते. उघडलेली वाईन बूच लावून फ्रिजमध्ये ठेव, तीन-चार दिवसांत संपव. बिअर जास्त उरवू नकोस, गार-गरम होत राहिली की चव जाते. थंड्याच्या नि सोड्याच्या न उघडलेल्या बाटल्या परत घेणार का, हे एजन्सीवाल्याला घेतानाच विचार, बरेच जण घेतात. वाईन शॉपवाला परत घेईल असं मात्र गृहीत धरू नकोस.

आणि मामाला यातून बाहेर काढू नकोस, दुखावेल. टेबलामागे ओतायला उभा कर. मेजर त्याच्या हातात दे नि शेजारी त्या तिसऱ्या शिफ्टच्या माणसाला उभा कर. शुद्धीवर असलेला माणूस शेजारी असला की मामाचं मापही 60 वर राहील. तो साडेनऊला निघाला तरी हरकत नाही, तोवर ताटं लागलेली असतील.